हौसाबाईच्या तुळशीला मागणी

बायको बाळंतिणीकडे गेली की नवऱ्याने चहा करावा, वर्तमानपत्र वाचावं आणि ती परत येईपर्यंत घरातल्या कुठल्याही सुधारणेला हात घालू नये. गुरुदास हडकरांना हे शहाणपण सुचलं, पण तोवर त्यांच्या परसात शासकीय तुळशीची शंभर रोपं रांगेत उभी राहिली होती आणि वाडीत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

दोन हजार तीन सालच्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सत्यवती कुडाळला निघाली. त्यांच्या लेकीला, दीपिकाला, मुलगी झाली होती. चपला सरकवता सरकवता सत्यवतीने दोनच कामं सांगितली.

"हौसाकाकीक बोलवा. ती खळ्यातला गवत काढतली, मगे खळा चोपान सारवतली. आणि तुळशीक रोज सकाळी तांब्याभर पाणी. मुळात नुसता ओतू नकात. डोक्यावरसून घाला, पाना न्हाली पायजेत."

"चौतीस वर्षां एस.टी.त काढलंय," गुरुदास म्हणाले. "एक तुळस सांभाळूक जमाची नाय माका?"

सत्यवतीने पिशवी उचलली. तुळशीकडे मात्र एकदा मागे वळून बघितलं.

घरापुढचं अंगण म्हणजे खळं. पावसाळाभर त्यात गुडघाभर गवत माजतं. ते उपटायचं, माती चोपून सपाट करायची, शेणाने सारवायची, की पुढचे सात महिने त्यावर सुपाऱ्या वाळवा, पत्ते खेळा नाहीतर लग्न लावा. हडकरांच्या खळ्यात तर लग्न ठरलेलंच होतं. तळेवाडीत तेवीस घरं, तेवीस तुळशी, आणि सगळ्यांची लग्नं त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी. त्यात पहिला मान हडकरांचा. त्यांच्या तुळशीवर अक्षता पडल्याशिवाय वाडीतली दुसरी तुळस बोहल्यावर चढत नसे. हा मान कोणी दिला हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो काढून घ्यायचा कसा हेही कोणाला ठाऊक नव्हतं. गुरुदासांच्या वडिलांनी एका वर्षी अंगात ताप असताना घोंगडी पांघरून कन्यादान केलं होतं, पण मान सोडला नव्हता.

गुरुदास आदल्याच वर्षी कणकवलीहून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. वाडी त्यांना कंट्रोलर म्हणायची. नोकरीच्या सुरुवातीला ते कंडक्टर होते, तेव्हाची पितळी शिटी अजून त्यांच्या गळ्यात काळ्या गोफाला अडकवलेली असे. स्वयंपाकघरात त्यांनी स्वतःच्या अक्षरात वेळापत्रक लावलं होतं. ६.०५ चहा. ६.२० तुळस. ६.४० शौच, गर्दीनुसार. घरात माणसं दोन, त्यामुळे गर्दी सहसा नसे.

हौसाबाईला त्यांनी निरोप धाडला: मंगळवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. हौसाबाई सत्तरीची, वाडीच्या टोकाला एकटी राहणारी. तीस वर्षं हडकरांचं खळं तिच्याच हातचं, आणि गुरुदासांना तिने उघडंनागडं पावसात धावताना बघितलेलं. ती साडेदहाला आली. आल्यावर चहा प्यायली. मग पान लावलं. मग दीपिकाच्या मुलीचं नाक कोणावर गेलंय याची चौकशी केली. पावणेअकरा वाजले तेव्हा गुरुदासांचा हात आपोआप गळ्याकडे गेला आणि त्यांनी शिटी मारली.

हौसाबाईने पान तोंडात फिरवायचं थांबवलं. सावकाश उठली, लुगडं झटकलं.

"झिला, शिटयेर येता ती गाडी," ती म्हणाली. "माणसा शिटयेर येनत नाय."

आणि ती निघून गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा हडकरांच्या खळ्याला हात न लावता गेली. गुरुदासांना धक्का बसला, पण अपमान तिचा झालाय की आपला याचा निर्णय त्यांना लगेच करता आला नाही. शेवटी आपलाच झालाय असं त्यांनी ठरवलं.

शेजारचा लवू मधल्या दगडी गडग्यावर हनुवटी टेकून सगळं बघत होता. लवूकडे काजूची कलमं होती, फवारणीचा पंप होता आणि प्रत्येक विषयावर मत होतं.

"कंट्रोलरानू, आता गवत हातान कोण काढता?" तो म्हणाला. "औषध मारा. आठ दिवसांत गवत आडवा. पंप माझो घेवा."

झालं. गुरुदास कसालला जाऊन औषध घेऊन आले. दुकानदार धनेशने बाटली हातात देताना बजावलं होतं, "ह्या औषधाक गवत आणि झाड ह्यातलो फरक कळणा नाय. हिरव्या पानार पडला की संपला." गुरुदासांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. निष्काळजीपणाने काम करणाऱ्यांतले ते नव्हतेच. तुळशीच्या सुरक्षेचा त्यांनी असा बंदोबस्त केला की मंत्र्याच्या दौऱ्यालाही होत नसेल. वृंदावनावर आधी मच्छरदाणी टाकली. तिच्यावर चादर. चादरीवर सत्यवतीचा रेनकोट, टोपीसकट. वारा कुठला आहे ते बघायला काठीला दोरा बांधला, आणि दोरा हलायचा थांबेपर्यंत पंप पाठीवर घेऊन पाऊण तास उभे राहिले. रस्त्याने जाणाऱ्या दोघा-तिघांनी रेनकोटाला सत्यवती समजून नमस्कार केला.

एकच अडचण आली. औषध मोजायचं झाकण पंप भरता भरता विहिरीत पडलं. लवू म्हणाला, अंदाजाने घाला. अंदाज या शब्दाचा गुरुदासांना तिटकारा होता. वृंदावनाच्या कट्ट्यावर तुळशीला पाणी घालायचा तांब्याचा तांब्या होता, त्यात बरोबर किती पाणी मावतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी त्याने औषध मोजलं. काम झाल्यावर तो साबणाने धुणार होते, पण पूजेच्या भांड्याला साबण लावायचा नाही, चिंचच लावायची, हा सत्यवतीचा नियम. चिंच सापडली नाही. मग त्यांनी तांब्या पंच्याने आतून नीट पुसला आणि कट्ट्यावर जागच्या जागी ठेवला. खळं मोठं होतं, काम तीन संध्याकाळी चाललं. आणि तिन्ही सकाळी, ठीक सहा वीसला, त्याच तांब्याने तुळशीला पाणी घातलं. डोक्यावरून. पानं न्हाऊन निघतील असं.

पुढचे चार दिवस काहीच झालं नाही. गवत हिरवंगार, उलट खत मिळाल्यासारखं डोलत होतं. वाडीतले लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत. कोणी म्हणालं औषध मुदतबाह्य असेल, कोणी म्हणालं गवत मालवणी आहे, त्याला लवकर काही पटत नाही. गुरुदासांनी धनेशच्या विरोधात तक्रारअर्जाचा कच्चा मसुदा केला. "मी एक जबाबदार निवृत्त कर्मचारी असून" इथपर्यंत तो आला होता.

मंगळवारी सकाळी गवत पिवळं पडलं. सगळं, एकदम, कडेपासून कडेपर्यंत. गुरुदासांनी मसुदा फाडला, खळ्यात उभं राहून कंबरेवर हात ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा हौसाबाईची कीव केली. मग सहा वीस झाले म्हणून तांब्या घेऊन वळले.

तुळसही पिवळी पडली होती.

शेंडे माना टाकल्यासारखे लोंबत होते. त्यांनी एका फांदीला बोट लावलं तर पानं हातात आली. गुरुदास मटकन कट्ट्यावर बसले. लग्नाला चार दिवस उरले होते आणि नवरी त्यांच्या तळहातावर होती.

लवू आला. त्याने तुळस बघितली, मच्छरदाणीची चौकशी केली, चादरीची केली, रेनकोटाची केली. सगळं बरोबर होतं. मग त्याची नजर गुरुदासांच्या हातातल्या तांब्यावर गेली. त्याने तो नाकाशी नेला आणि झटकन लांब धरला.

"कंट्रोलरानू, औषध कशान मोजलास?"

गुरुदासांनी तांब्याकडे बघितलं. रोज सकाळी सहा वीसला, एक मिनिट इकडे-तिकडे न होऊ देता, आपण स्वतःच्या हाताने तिला विष पाजलं होतं, आणि वर हात जोडले होते.

नेमका तेव्हाच फोन वाजला.

"तुळस कशी आसा?" सत्यवतीने विचारलं. नातीचं वजन, दीपिकाचा खोकला हे नंतर.

"बरी आसा," गुरुदास म्हणाले. चौतीस वर्षांत लागलेल्या गाडीला त्यांनी कधी सुटली म्हटलं नव्हतं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

बुधवारी ते रोपवाटिकेच्या सरकारी कचेरीत जाऊन उभे राहिले. तिथल्या कारकुनाने त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुळस फळझाडांत येत नाही," तो म्हणाला. "शोभेच्या झाडांतही येत नाही. ती औषधी वनस्पतींत येते."

"चालेल. एक द्या."

"औषधी म्हणजे योजना. योजनेत किमान शंभर."

"मला एकच हवी आहे हो."

"एकीची योजना नाही." त्याने अर्ज पुढे सरकवला. "सातबारा, रेशनकार्ड, दोन फोटो. आणि हे प्रयोजन लिहा."

गुरुदासांनी प्रयोजनाच्या रकान्यात 'विवाह' असं लिहिलं. कारकुनाने चष्मा वर केला.

"कोणाचा?"

"रोपाचा."

कारकुनाने 'विवाह' खोडून 'घरगुती वापर' लिहिलं. सातबारा आणि रेशनकार्ड गुरुदासांच्या पिशवीत होतंच, फोटो तेवढे नव्हते. ते काढायला स्टुडिओत गेले तर फोटोवाला म्हणाला, साहेब, जरा हसा. आलेला फोटो बघून गुरुदासांना वाटलं की हा माणूस आपण कुठल्या तरी शोकसभेत बघितलाय.

संध्याकाळच्या गाडीने शंभर रोपं तळेवाडीला आली. कंडक्टर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने सगळी खोकी मागच्या सीटवर लावून दिली आणि साहेबांना काही विचारलं नाही, हे गुरुदासांना फार लागलं. विचारलं असतं तर निदान सांगता आलं असतं.

लवूने परसात एक खोकं उघडलं. आत बोटभर उंचीची रोपं होती, प्रत्येकीला चार पानं.

"कंट्रोलरानू," लवू गंभीरपणे म्हणाला, "ह्यो बालविवाह होतलो. ह्येका भटजी तयार होवचो नाय, आणि झालोच तर पोलीस येतले."

"मगे मी काय करू? लग्नाची तुळस कोण देतलो? सगळ्यांच्या तुळशींची लग्ना त्याच दिवशी."

लवूने गडग्याला टेकून विचार केला. "हौसाकाकीकडे डब्यात एक आसा. कमरेएवढी. तिच्या दारात भटजी अगदी शेवटाक पोचता. इचारून बघा."

ज्या बाईला शिटी मारून घालवली, तिच्याच दारात आता पदर पसरायचा. पण पौर्णिमा शनिवारची होती आणि सत्यवती शुक्रवारी येणार होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला, नारळ घेतला, सुपारी घेतली आणि मध्यस्थ म्हणून लवूला घेतलं. हौसाबाई पडवीत केरसुणीसाठी माडाचे हीर काढत बसली होती. तिने बसा म्हटलं नाही. दारात तेलाच्या जुन्या डब्यात तुळस होती, काळसर खोडाची, भरगच्च, मंजिऱ्यांनी लवलेली. गुरुदासांनी तिच्याकडे बघितलं आणि मुलाच्या बापासारखे अवघडले.

"कित्याक इलंस?" हौसाबाईने विचारलं.

"मागणी घालूक."

"माका?"

"तुझ्या तुळशीक गो काकी."

हौसाबाईने कोयती खाली ठेवली. "तुमची खंय गेली?"

"मेली."

"मेली कशी ता सांग. घर बघल्याशिवाय चेडू कोण देता?"

गुरुदासांनी सांगितलं. बाटली, झाकण, तांब्या, पंचा, सगळं. त्यांना वाटलं म्हातारी हसेल. ती हसली नाही, आणि त्यामुळे त्यांना जास्तच भीती वाटली.

"तांब्यान?" तिने विचारलं.

"तांब्यान."

"रोज?"

"तीन दीस. डोक्यावरसून. पाना न्हाली पायजेत म्हणान."

हौसाबाईने डब्याकडे बघितलं. "ही तुमच्याच तुळशीची," ती म्हणाली. "खळ्यातला गवत काढताना मंजिरी पदराक लागान इली, हयसर पडली, रुजली. मेली ती हिची आवस." गुरुदासांनी मान खाली घातली. लवूनेही घातली, जरी त्याने काही केलं नव्हतं.

मग ती सावरून बसली आणि अटी सांगायला लागली. खळं तीच करणार, आणि येईल तेव्हा येणार. हे गुरुदासांनी कबूल केलं. नवरीची आई ती स्वतः, आणि कन्यादान तिच्या हातून.

"पयल्या लग्नात?" गुरुदास दचकले. तो मान त्यांच्या वडिलांनी तापात सोडला नव्हता.

"पयल्या लग्नात. माझ्या दारात भटजी येयसर चुरमुरे संपतत आणि पोरा झोपतत. मंगलाष्टकांची चार कडवी तो कमी म्हणता. हिच्या आवशीचा, आजयेचा लगीन मी तीस वर्षां तुमच्या खळ्याच्या कडेक उभी रवान बघलंय."

गुरुदासांनी नारळ तिच्यापुढे ठेवला. "कर तू," ते म्हणाले.

"आणि ती," हौसाबाईने बोट दाखवलं.

"काय?"

"गळ्यातली."

गुरुदासांनी शिटीवर हात ठेवला. फलाटावर रेटारेटीत, घाटात, पुरात, सगळीकडे ती बरोबर होती. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ कधीच बंद पडलं होतं, शिटी अजून वाजत होती. त्यांनी गोफ डोक्यावरून काढला आणि हौसाबाईच्या हातात दिला. हौसाबाईने ती गळ्यात घातली आणि मंगळसूत्र नसलेल्या गळ्यावर नीट बसवली.

त्याच दुपारी ती खळ्यात आली, आणि शुक्रवारी उजाडायच्या आधी पुन्हा. मेलेलं गवत तिने मुळासकट उपटलं, माती चोपली, सारवली. गुरुदासांनी पाणी आणून दिलं. वृंदावनात नवी तुळस बसली. जुनीचं वाळलेलं खोड गुरुदासांनी माडाच्या मुळाशी पुरलं आणि तांब्या पडवीत भाताच्या कणगीमागे ढकलला.

शुक्रवारी दुपारी सत्यवती आली. खळं बघून म्हणाली, "बरा झाला." तुळशीसमोर उभी राहिली, एक पान खुडलं, चुरडलं, वास घेतला. मग पिशवी घेऊन आत गेली. या वर्षी कन्यादान हौसाबाई करणार हे गुरुदासांनी दबकत सांगितलं, तेव्हा ती नवऱ्याकडे अशा कौतुकाने बघत राहिली की त्यांना तिथून उठून विहिरीवर जावंसं वाटलं. परसातल्या शंभर रोपांबद्दल तिने विचारलं. "योजना," ते म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी अख्खी वाडी खळ्यात जमली. उसाचे दांडे बांधले गेले, तुळशीच्या मुळाशी चिंचा-आवळे ठेवले गेले, सुपात चुरमुरे आले. बाळकृष्ण पाटावर उभा राहिला. हौसाबाई नवं लुगडं नेसून नवरीच्या आईच्या जागी बसली, गळ्यात शिटी. लोक कुजबुजले. भटजींनी एकदा यजमानांकडे आणि एकदा म्हातारीकडे बघितलं, पण पुढे एकवीस लग्नं उरकायची होती, त्यामुळे त्यांनी शास्त्र फार ताणलं नाही. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं पूर्ण झाली, एक कडवंही गाळलं गेलं नाही. गुरुदासांनी सुटकेचा श्वास घेतला.

"कन्यादानाचं उदक आणा," भटजी म्हणाले.

सत्यवती घरातून बाहेर आली. तिच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्याचा तांब्या होता. कणगीमागे सापडलेला, चिंचेने घासून लख्ख केलेला. ती सरळ वृंदावनाकडे निघाली आणि आधी पानं न्हाऊ घालावीत म्हणून तांब्या नवरीच्या डोक्यावर धरायला तिने हात उचलला.

गुरुदासांना ओरडायचं सुचलंच नाही. हात छातीकडे गेला. छातीवर काही नव्हतं.

त्या क्षणी खळ्यात शिटी वाजली. एकच, लांबलचक, कानठळ्या बसवणारी. गाडी रिव्हर्स येते आहे असं वाटून मागची दोन माणसं बाजूला झाली. भटजींच्या हातातल्या अक्षता पडल्या. सत्यवतीचा हात वरच्या वर थांबला. हौसाबाईने तोंडातली शिटी काढली.

"सत्यवती, तो तांब्यो खाली ठेव," ती म्हणाली. "गुरुदास, आता तू सांग."

गुरुदास उठले. सगळी वाडी त्यांच्याकडे बघत होती. तोंडातून जे आलं ते चौतीस वर्षांच्या सवयीने आलं.

"सर्वांनी लक्ष द्यावे," ते म्हणाले. "हडकर यांची तुळस मंगळवारी सकाळी सहा वीस वाजता अपरिहार्य कारणास्तव गेली." त्यांनी तांब्याकडे बोट दाखवलं. "कारण मी. गवताचं औषध मी याच तांब्याने मोजलं, आणि याच तांब्याने तिला पाणी घातलं. ही तिची लेक आहे. हौसाकाकीची. आमची नाही."

चुरमुऱ्यांच्या सुपाकडे गेलेले हात थांबले. सत्यवतीने तांब्या खाली ठेवला.

"आपली न्हय ता माका कालच कळला," ती हळू म्हणाली. "तीस वर्षां पाणी घातलंय, झाड ओळखूचंय नाय? म्हटला, अशीच मेली आसतली, तुमका सांगूक धीर झालो नाय आसतलो. पण तांब्यो…" ती पायरीवर बसली. "माझ्या आवशीन दिल्लो ओ तो."

गुरुदासांना रडू आलं. सगळ्या वाडीदेखत, कंट्रोलरांना. त्यांनी ते लपवलंही नाही.

"मगे रडा," हौसाबाई म्हणाली. "वाडीतली एकवीस चेडवा नटान बसलीत." तिने कळशीत ओंजळ बुडवली आणि स्वतःच्या हातांनी उदक सोडलं. ओंजळीतलं शेवटचं पाणी तिने तुळशीच्या डोक्यावर घातलं. पानं न्हाली. सत्यवती डोळे पुसत उठली आणि तिने नवरीवर अक्षता टाकल्या.

शिक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावण्यात आली. वेळापत्रकावर सहा वीसच्या रकान्यात सत्यवतीने स्वतःच्या हाताने लिहिलं: तुळस, शंभर. बावीस रोपं वाडीत घरोघरी वाटली, एक लवूच्या शेळीने खाल्लं. उरलेल्यांना गुरुदासांनी वर्षभर पाणी घातलं, नव्या तांब्याने, डोक्यावरून.

पुढच्या त्रिपुरी पौर्णिमेला भटजी हडकरांच्या खळ्यात शिरले आणि उंबरठा लागल्यासारखे जागीच अडखळले. वृंदावनाभोवती रांगेत कमरेएवढ्या तुळशी उभ्या होत्या, प्रत्येकीजवळ उसाचं कांडं.

"किती?" भटजींनी विचारलं.

"सत्त्याहत्तर," सत्यवती म्हणाली. "वाढवलेत त्येंनी. आता लग्ना नको लावूक?"

भटजी पाटावर बसले. त्यांनी पाणी मागितलं, सत्यवतीने दिलं, तर पिण्याआधी तांब्या नाकाशी नेला. हौसाबाई आपल्या मानाच्या जागेवर बसली होती. वृंदावनातलीचं कन्यादान तिचं, बाकीच्या सत्त्याहत्तर गुरुदासांच्या. ते अजून आत पंचा शोधत होते.

हौसाबाईने आकाशातल्या चंद्राकडे बघितलं, गळ्यातला गोफ सरळ केला आणि शिटी मारली. गुरुदास धावत आले.